दिवाळी पुढे सरकली की गल्लाही सरकतो
(दुकानदारांचे प्रश्न, काकांची उत्तरं)

या महिन्यात आलेल्या पत्रांमधली बरीचशी एकाच धंद्यातली निघाली, क्यू (म्हणजे स्नूकर-पूल खेळायची काठी), कॅरम, पूल टेबल विकणारी छोटी दुकानं. मी स्वतः पुण्यात एकतीस वर्षं याच मालाचं दुकान चालवलंय त्यामुळे पत्रं वाचताना जुने दिवस डोळ्यासमोर आले. म्हणून यावेळी बाकीचे प्रश्न मागे ठेवून हीच घेतो.

प्रश्न : काका नमस्कार. कर्वेनगरला माझं छोटं दुकान आहे, चार वर्षं झाली. स्नूकर-पूलचे क्यू, क्यूच्या टोकाला बसवायची टिप, त्या टिपेवर घासायचा चॉक, ग्लव्ह्ज, थोडे कॅरम बोर्ड. गेल्या ऑक्टोबरमधे 2 लाख 40 हजारांची विक्री झाली होती, या मे महिन्यात फक्त 38 हजार. गेल्या वर्षीचा मे पण वाईटच होता पण निदान 60 होते. सगळे म्हणतात मंदी आहे, बाबा म्हणतात गाळा सोड आणि नोकरी बघ. मला कळत नाहीये की हे सीझनचं आहे का खरंच धंदा संपत चाललाय.

उत्तर : अरे आधी एक काम कर, रुपयांची वही बाजूला ठेव आणि मे महिन्यात चॉकचे किती डबे गेले आणि किती टिपा बसवल्यास ते मोज, दोन्ही वर्षांचं. सांगतो का ते. क्यू माणूस दोन-तीन वर्षांतून एकदा घेतो, हातात पैसे असले तर घेतो नाहीतर पूल पार्लरच्या क्यूवर खेळतो. पण चॉक आणि टिप हे खेळलं की संपतंच, ते पुढे ढकलता येत नाही. चॉक-टिप तेवढंच गेलंय आणि फक्त क्यू कमी गेलेत तर पोरं खेळतायत पण खिसा आवळलाय, म्हणजे मंदी. चॉकही निम्म्यावर आलं असेल तर पोरं गावाला गेलीत, म्हणजे सीझन. आणि चॉक जुलै-ऑगस्टमधे पण वर आलं नाही तर मात्र गिऱ्हाईक दुसरीकडे जातंय, ऑनलाइन किंवा पार्लरवाल्यानेच माल ठेवायला सुरुवात केलीय, तो तिसरा आजार आणि त्याचं औषध वेगळं.

तुझ्या भागात गिऱ्हाईक म्हणजे कॉलेजची पोरं. परीक्षा संपल्या की होस्टेल रिकामी, कॉट बेसिसवाले घरी. मे महिना तिथे पडणारच, तो दरवर्षी पडतो. शाळेच्या सुट्टीतली लहान मुलं पूल खेळायला जातात हे खरं, पण ती क्यू विकत घेत नाहीत. आणि जूनमधे ज्यांच्या घरी पैसे असतात ते फी, वह्या-पुस्तकं, रेनकोट यातच जातात.

आता यंदाचं एक खास कारण आहे जे तुझ्या पत्रात कुठेच नाही आणि मला वाटतं बऱ्याच दुकानदारांच्या लक्षात येत नाही. यंदा ज्येष्ठ अधिक होता, 17 मे ते 15 जून. अधिक महिन्यात लग्नं नाहीत, वास्तुशांत नाही, कोणी नवीन पार्लरचं उद्घाटन करत नाही. ज्याला पार्लर काढायचं होतं त्याने ते आधी तरी उरकलं किंवा पुढे तरी ढकललं, आणि नवीन पार्लर निघालं की त्याला लागणारे दहा-बारा क्यू, रेस्ट (लांबच्या शॉटला क्यू टेकवायची काठी), ब्रश, चॉकचे खोके हे तुझ्यासारख्याकडून जातात. तुझ्या 22 हजारांच्या खड्ड्यातला थोडा तरी भाग हा पंचांगाचा आहे.

आणि हेच पंचांग पुढे तुला अजून मोठा धक्का देणार आहे, तो आत्ताच समजून घे. गेल्या वर्षी गणपती 27 ऑगस्टला बसले, घटस्थापना 22 सप्टेंबर, लक्ष्मीपूजन 21 ऑक्टोबर. म्हणजे तुझा 2 लाख 40 हजारांचा ऑक्टोबर हा अख्खा दिवाळीचा ऑक्टोबर होता, बोनस, भाऊबीज सगळं त्यातच. यंदा गणपती 14 सप्टेंबरला, पितृपक्ष सप्टेंबरच्या शेवटापासून 10 ऑक्टोबरपर्यंत, घटस्थापना 11 ऑक्टोबरला आणि लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला. तुझा ऑक्टोबर निम्मा तरी येईल का मला शंका आहे, आणि तू जर ऑक्टोबर समोर ऑक्टोबर ठेवून बघितलंस तर घाबरून माल पाडून विकशील किंवा बाबांचं ऐकून गाळा सोडशील, नेमकं दिवाळीच्या तोंडावर. म्हणून आपल्या धंद्यात महिना महिन्याशी लावायचा नाही, सण सणाशी लावायचा. गणपती ते पितृपक्ष हा एक तुकडा, घटस्थापना ते भाऊबीज दुसरा, तुळशीच्या लग्नापासून संक्रांतीपर्यंत तिसरा, मग परीक्षा, मग पाडवा ते शाळा उघडेपर्यंत. मी असंच वहीत लिहायचो आणि बँकवाल्याला पण असंच दाखवायचो, त्याला आधी कळायचं नाही पण एकदा समजावलं की कळायचं.

खर्चाचं मात्र उलटं, भाडं, लाईट, पोराचा पगार हे इंग्रजी महिन्यानेच येतं. म्हणून दिवाळीचा गल्ला मोजताना त्यातून मे आणि जूनचं भाडं त्याच दिवशी बाजूला काढ, वेगळ्या खात्यात, आणि त्याला हात लावू नकोस. मंदीत दुकान बंद पडतं ते बहुतेक वेळा वर्षभराच्या तोट्याने नाही तर दोन महिन्यांचं भाडं थकल्याने.

माझं स्वतःचं सांगतो. 2008 साली एका बिल्डरने सोसायटीच्या क्लबहाऊससाठी तीन पूल टेबलं सांगितली, नाममात्र टोकन दिलं. तेव्हा पुण्यात प्रत्येक नव्या स्कीमला क्लबहाऊस आणि क्लबहाऊसमधे पूल टेबल हे ठरलेलं होतं, मी खुशीत पूर्ण पैसे भरून टेबलं आणून गोडाऊनला ठेवली. सप्टेंबरच्या मध्यात अमेरिकेत ती लेहमन ब्रदर्स बँक बुडाली, इकडे आयटीवाल्यांनी फ्लॅट घेणं थांबवलं, बिल्डरने काम थांबवलं आणि 28 ऑक्टोबरच्या दिवाळीला माझे सगळे पैसे त्या तीन टेबलांत अडकलेले. कॅरम आणायला हातात रोकड नाही आणि दिवाळीत लोक नेमके कॅरम मागतायत. ती दिवाळी मला अजून टोचते. त्या वर्षी घर चाललं ते टिपा बसवून आणि जुन्या टेबलांवर कापड चढवून, कारण लोकांनी नवीन घेणं थांबवलं होतं, खेळणं नाही.

म्हणून तुला माझा आग्रह आहे की टिप बसवायचं काम स्वतः शीक, फेरूल (टिपेखालची कडी) बदलणं, जॉइंट (क्यूचे दोन तुकडे जोडतात ती जागा) साफ करणं, बटचं (मागच्या जाड भागाचं) पॉलिश. ऑनलाइनवाला क्यू तुझ्यापेक्षा स्वस्त देईल पण टिप बसवून, घासून, गोल करून समोर दोन शॉट मारून बघायला नाही देऊ शकत. आणि टिप बसवायला आलेला माणूस चॉक घेतो, ग्लव्ह घेतो, क्यू हातात घेऊन बघतो. बाबांना माझा नमस्कार सांग, त्यांची काळजी बरोबर आहे, पण निर्णय जानेवारीत घ्या, पूर्ण दिवाळी बघून.

प्रश्न : सांगलीहून लिहितेय. आमचं स्टेशनरी आणि खेळाच्या सामानाचं दुकान, मिस्टर नोकरी करतात, दुकान मी बघते. कॅरम बरे जातात. एक घाऊक व्यापारी मागे लागलाय की दिवाळीसाठी 60 कॅरम आणि सोबत घरगुती छोटी पूल टेबलं उधारीवर उचला, पैसे नंतर द्या. मोह होतोय. घ्यावं का?

उत्तर : ताई, कॅरम घ्या, पण 60 नाही, आणि टेबलं नको.

कॅरमचे वर्षात दोनच खरे हंगाम, एप्रिल-मे आणि मग गणपतीपासून दिवाळीपर्यंत. गणपतीत मंडळांच्या, सोसायट्यांच्या स्पर्धा असतात, तिथे जाणारा बोर्ड वेगळा आणि दिवाळीत आत्या भाच्याला देते तो वेगळा. मंडळवाल्याला स्पर्धेच्या मापाचा लागतो, आतली खेळायची जागा 74 सेंटीमीटरची, प्लाय जाड, स्ट्रायकर 15 ग्रॅमच्या आतला. भेट देणाऱ्याला किंमत आणि चकाकी बघायची असते. दुकानदार चूक करतात ती ही की दोन्ही गिऱ्हाइकांसाठी मधलाच एक बोर्ड भरतात आणि तो कोणालाच नको असतो. तुमच्या गेल्या दोन दिवाळ्यांचा आकडा काढा, दोन्हीतला जो कमी असेल तेवढेच बोर्ड उचला, वरचे लागले तर कोल्हापूर काही लांब नाही. सोंगट्या, स्ट्रायकर, पावडर मात्र भरपूर ठेवा, ते पडून खराब होत नाही आणि ज्याच्या घरी जुना बोर्ड आहे तो मंदीत नवीन सोंगट्याच घेतो.

22 सप्टेंबर 2025 पासून कॅरम, बुद्धिबळ यावरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 वर आलाय. तुमच्याकडे त्याआधीच्या छापील किमतीचा माल अजून असेल तर तो आधी काढा आणि गिऱ्हाइकाला कमी झालेला कर दाखवून द्या, लोक विचारतात. पण बिलियर्ड-पूलच्या सामानाला तोच दर लावू नका हं. एचएसएनचे (जीएसटीच्या बिलावरच्या मालाच्या कोडचे) पहिले चार आकडे एकच, 9504, म्हणून गल्लत होते. या सामानावर आधी 28 होता, जानेवारी 2019 पासून तो 18 झाला, कॅरमची सवलत त्याला आपोआप लागत नाही. बिल फाडायच्या आधी तुमच्या सीएला विचारून घ्या.

आता त्या "पैसे नंतर द्या" बद्दल. नंतर म्हणजे कधी ते कागदावर घ्या. माल थेट कारखानदाराकडून असेल आणि तो सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेला असेल तर लेखी करार नसताना 15 दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यावे लागतात, नाहीतर व्याज लागतं आणि इन्कम टॅक्समधे तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत धरता येत नाही. तुमच्याकडे माल सप्टेंबरच्या शेवटी आला तर 45 दिवस भरतात नोव्हेंबरच्या मध्यावर, म्हणजे यंदाच्या भाऊबीजेनंतर लगेच, तेव्हा गल्ला भरलेला असेल. तोच माल ऑगस्टमधे उचलला तर पैसे द्यायची वेळ येते पितृपक्षात आणि त्या पंधरवड्यात सांगलीत कोण काय खरेदी करतंय! तारीख तुम्ही ठरवा, त्याने ठरवू नये.

टेबलं का नको म्हणालो तर ती घरगुती एमडीएफची (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीची) टेबलं पावसाळ्यानंतर वाकतात, बॉल एका कोपऱ्याकडे पळायला लागतो, आणि तक्रार घेऊन गिऱ्हाईक व्यापाऱ्याकडे नाही, तुमच्याकडे येतं. जागाही खातात.

प्रश्न : नाशिकला टेबल दुरुस्ती आणि सामानाचं काम करतो. तीन पार्लरवाल्यांकडे मिळून 1 लाख 10 हजार अडकलेत, एक तर फोनच उचलत नाही. पावसाळ्यात त्यांना परत कापड बदलून हवंय. नाही म्हटलं तर दुसरा करून देईल.

उत्तर : दुसरा करून देत असेल तर देऊदे, त्याचेही अडकतील. कापड ही या कामातली सगळ्यात महागडी वस्तू, ती तुम्ही रोख आणता आणि उधार चढवता, म्हणजे पार्लर तुमच्या भांडवलावर चाललंय. इथून पुढे कापडाचे पैसे आगाऊ, मजुरी काम झाल्यावर, आणि जुन्या बाकीतला थोडा तुकडा प्रत्येक कामासोबत. जो चांगला आहे तो मानेल, कारण पावसाळ्यात दमट कापडावर बॉल जड चालतो आणि खेळणारे लगेच दुसऱ्या पार्लरला जातात, हे त्यालाही माहीत असतं. त्याची गरज आत्ता आहे, नोव्हेंबरमधे नसेल, तेव्हा बोलायचं ते आत्ताच.

उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी) केलीये का? नुसत्या व्यापाऱ्याला वर सांगितलेल्या 45 दिवसांच्या थकबाकीच्या कायद्याचा फायदा मिळत नाही पण दुरुस्ती ही सेवा आहे, त्यामुळे दुरुस्तीच्या बिलाची थकबाकी छोट्या उद्योगांच्या थकबाकीसाठीच्या सरकारी पोर्टलवर टाकता येते. त्यासाठी दुरुस्तीचं बिल सामानाच्या बिलापासून वेगळं फाडा आणि नोंदणी कामाच्या आधीची असू द्या. फोन न उचलणाऱ्याला आधी साधं पत्र पाठवा, बऱ्याचदा तेवढ्यानेच भागतं.

प्रश्न : काका, मी मूळचा ठाण्याचा, आता न्यू जर्सीत एडिसनला असतो. इथे जुनी पूल टेबलं घेऊन, नवीन फेल्ट (टेबलावरचं कापड) चढवून विकतो, सोबत एक मदतनीस. थँक्सगिव्हिंग ते ख्रिसमस फोन थांबत नाही, फेब्रुवारी-मार्चमधे टॅक्स रिफंड आला की परत थोडं चालतं, आणि मग मे ते ऑगस्ट शुकशुकाट. गेली दोन-तीन वर्षं हिवाळाही पूर्वीसारखा नाही. तुमचा सल्ला इथे लागू पडेल का?

उत्तर : लागू पडेल असं मला वाटतं, कारण तुमच्याकडे पूल टेबल हे खेळाचं सामान कमी आणि घराचं फर्निचर जास्त आहे. बेसमेंट आलं की टेबल येतं. म्हणून तिकडे या धंद्याची नाडी घरांच्या बाजारात आहे. 2005 मधे अमेरिकेत वीस लाखांवर नवीन घरांचं काम सुरू झालं होतं, 2009 मधे ते साडेपाच लाखांच्या आसपास आलं, त्याच वर्षी ऑक्टोबरमधे बेकारी 10 टक्क्यांवर. तेव्हा टेबलवाल्यांचे हाल झाले ते लोकांना खेळाचा कंटाळा आला म्हणून नाही, टेबल ठेवायला नवीन खोलीच आली नाही म्हणून. कोविडमधे उलटं झालं, लोक घरात अडकले आणि घरात गेम रूम करायला लागले. ब्रन्सविकसारखा 1845 पासूनचा टेबलांचा ब्रँड 2022 च्या सुरुवातीला एस्कलेड कंपनीने विकत घेतला, म्हणजे मोठ्यांनाही तेव्हा यात पैसा दिसत होता. मग गृहकर्जाचे दर चढले, 2021 ला तीन टक्क्यांच्या आसपास असलेला तीस वर्षांचा दर ऑक्टोबर 2023 मधे पावणेआठच्या वर गेला, आणि त्या वर्षी जुन्या घरांची विक्री 40 लाख 90 हजारांवर आली, 1995 नंतर तोवरची सगळ्यात कमी. ज्याचं कर्ज तीन टक्क्यांचं आहे तो घर सोडत नाही. तुमच्या थंडावलेल्या हिवाळ्याचं मूळ मला इथे दिसतं.

पण यातच तुमच्या उन्हाळ्याचं उत्तर आहे. तुमच्याकडे लोक घर बदलतात ते शाळेला सुट्टी असताना, मे ते ऑगस्ट. आठ फुटी स्लेटचं (कापडाखाली दगडी फरशी असलेलं) टेबल उचलून नेता येत नाही, ते सोडवावं लागतं, स्लेटचे तीन तुकडे वेगळे न्यायचे, नवीन जागी लेव्हल करून सांधे भरायचे, मग फेल्ट. नेहमीच्या मूव्हर्सना हे जमत नाही आणि बरेच जण हातच लावत नाहीत. ज्या महिन्यात टेबल विकलं जात नाही त्याच महिन्यात ते हलवलं जातं. जाहिरात बदला, एप्रिलपासून "टेबल विकत घ्या" नाही तर "टेबल हलवून देतो" अशी, घरं विकणाऱ्या एजंटांना जाऊन भेटा. कारण घर विकणाऱ्याला टेबलाचं काय करायचं हा प्रश्न असतोच, कित्येक जण "घेऊन जा, फुकट" म्हणतात. ती टेबलं उन्हाळ्यात उचलायची, सप्टेंबर-ऑक्टोबरमधे तयार करायची आणि थँक्सगिव्हिंगला विकायची. माल फुकट पण गोडाऊनचं भाडं फुकट नाही, म्हणून स्लेट नसलेली किंवा तुकडा गेलेली टेबलं कितीही फुकट मिळाली तरी उचलू नका.

मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात कॅरमची स्पर्धा होत असेल तर तिथे दोन बोर्ड, सोंगट्या, पावडर घेऊन बसा. तिकडे चांगला बोर्ड सहज मिळत नाही आणि लोक आवडीने घेतात. त्यावर तुमचं घर चालणार नाही, पण सप्टेंबर महिना तेवढाच हलका जाईल.

प्रश्न : चिपळूणला दुकान आहे. पावसाळ्यात विकलेले क्यू "वाकडा निघाला" म्हणून परत येतात. बदलून द्यायचे का?

उत्तर : विकताना काउंटरच्या काचेवर गिऱ्हाइकासमोर क्यू फिरवून दाखवा आणि बिलावर "सरळ तपासून दिला" असं लिहून त्याची सही घ्या. त्यानंतर वाकला तर तो बहुतेक वेळा भिंतीला टेकवून ठेवल्यामुळे किंवा गाडीत राहिल्यामुळे. अॅशचं लाकूड कोकणातली दमट हवा पितं. दुकानात क्यू उभे टेकवू नका, आडवे सपाट फळीवर किंवा वरून लटकवून ठेवा, कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. जून ते सप्टेंबर महागडे एकसंध क्यू मागवूच नका, दोन तुकड्यांचे ठेवा, केससकट (क्यू ठेवायच्या पेटीसकट) विका, त्या पेटीवर सुटणारे पैसेही वेगळे. आणि तरीही पहिल्या पंधरा दिवसांत कोणी परत घेऊन आलं तर वाद न घालता बदलून द्या, चिपळूणमधे क्यू खेळणारे एकमेकांना ओळखतात.